मुरगळलेल्या घोट्याला वाळू नको, सपाट जमीन द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरत आला की गोव्यातले धावणारे पुन्हा बाहेर पडतात. कांपालचा पदपथ, मिरामार, कोलवा-बाणावलीचा किनारा, फातोर्ड्याच्या आसपासचे रस्ते पहाटे साडेपाचपासून जागे होतात. यांतल्या काहींनी पावसात शेवाळलेल्या पायरीवर, खचलेल्या साइडपट्टीवर नाहीतर गवताने झाकलेल्या फुटबॉलच्या मैदानावर घोटा मुरगळून घेतलेला असतो. त्यांना एक सल्ला हमखास मिळतो : ‘थोडे दिवस वाळूवर धाव, वाळू मऊ असते, पायाला बरी.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण सल्ला नेमका उलटा आहे. समुद्र दाराशी असल्यामुळे तो आपल्याकडे जरा जास्तच चालतो, म्हणून हे सविस्तर पत्र.

घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा पाऊल आत वळते आणि सगळे वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर येते. बाहेरच्या घोट्याच्या हाडापासून पावलाकडे तीन लिगामेंट जातात. एक पुढे, एक खाली टाचेकडे, एक मागे. पुढचे सर्वांत कमकुवत, त्यामुळे आधी तेच ताणते किंवा फाटते. जोर जास्त असला तर टाचेकडचेही. मागचे सहसा शाबूत राहते. लिगामेंट दोरीसारखे हाडे बांधून ठेवते, शिवाय सांधा कुठल्या कोनात आहे ते मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकेही त्यात असतात. दोरी फाटते तेव्हा ही टोकेही दुखावतात. मग सूज उतरली, ठणका थांबला, तरी पाऊल कसे टेकते आहे याची खबर वर उशिरा आणि अर्धवट पोचते. पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरणारे पेरोनियल स्नायू पाऊल आत वळू देत नाहीत. त्यांनाही हुकूम उशिरा मिळतो. पाऊल वळायला लागल्यापासून इजा होईपर्यंत डोळ्याचे पाते लवायलाही वेळ नसतो, त्यामुळे उशीर झाला की झालाच. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो तो या कारणाने, आणि पहिल्या वर्षात जास्त.

आता असा पाय वाळूवर आणा. धक्का कमी बसतो हे खरे. पण कोरड्या वाळूत टाच रुतते, घोटा नेहमीपेक्षा जास्त वाकतो आणि पुढे ढकलताना चवड्याखालची वाळू मागे सरकते. कठीण जमिनीवर लागते त्याच्या सुमारे दीडपट ऊर्जा वाळूत धावायला लागते, आणि तो जादा भार मुख्यतः पोटरीवर पडतो. त्यात वाळू सगळीकडे सारखी दबत नाही. एका पावलाला डावी कड खचते, पुढच्याला उजवी, मध्येच खेकड्याचे बीळ. ज्या यंत्रणेला खबरच उशिरा मिळते तिलाच आपण सर्वांत अवघड प्रश्न विचारत असतो. ‘मग रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांचे पाय कसे मुरगळत नाहीत?’ असे कोणीतरी विचारतोच. ते लहानपणापासून अनवाणी वाळूत आहेत आणि त्यांचे लिगामेंट गेल्या महिन्यात फाटलेले नाही.

‘बरे, पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर?’ ती रुतत नाही, पण समुद्राकडे उतरती असते. आपले किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. कोलव्याहून बाणावलीकडे, म्हणजे दक्षिणेला धावलात तर समुद्र उजवीकडे, आणि उजवे पाऊल उताराच्या खालच्या बाजूला. खालच्या बाजूच्या पावलाची बाहेरची कड खाली झुकते, म्हणजे मुरगळताना ते ज्या दिशेला वळले होते त्याच दिशेला दर पावलाला थोडे वळते. उत्तरेला परतताना हेच डाव्या पायाचे होते. ‘जाऊन-येऊन हिशेब सारखा होतो’ हे दोन्ही घोटे धड असलेल्या माणसाला ठीक. ज्याचा उजवा दुखावला आहे त्याचा जातानाचा अर्धा हिशेब आधीच बिघडलेला असतो.

हीच गोष्ट रस्त्यावर होते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता बांधतात, साधारण शेकडा दोन ते अडीच, म्हणजे मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर. धावणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूला राहावे, म्हणजे आपल्याकडे उजव्या कडेला. हा नियम सुरक्षेचा आहे आणि तो पाळायलाच हवा. पण त्याने उजवे पाऊल कायम उताराच्या खालच्या बाजूला जाते. ५ किलोमीटर ३५ मिनिटांत धावणारा मिनिटाला १६५ पावले टाकत असेल तर साडेपाच हजारांवर पावले होतात. त्यातली निम्मी उजव्या पायाची, आणि प्रत्येक वेळी त्या पायावर अंगाच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार. उतार दिसायला क्षुल्लक, पण तो पावणेतीन हजार वेळा भोवतो. डावा घोटा दुखावलेल्याला ही कड त्या मानाने सोपी जाते. उजवा दुखावलेल्याने रहदारीच्या रस्त्याची बाजू बदलू नये, जागाच बदलावी. डांबराची कड आणि लाल मातीची पट्टी यांच्यामध्ये पावसानंतर चार बोटांची पायरी पडलेली असते, तिचा धोका दोन्ही पायांना सारखाच. गाडीने हॉर्न वाजवला, धावणारा दचकून बाजूला झाला, की पाऊल अर्धे डांबरावर, अर्धे हवेत.

मग सुरुवात कुठे करावी? सपाट, कठीण, कोरड्या, उजेडातल्या जागी. मांडवीकाठच्या पदपथाचा सलग आणि लाद्या न हललेला तुकडा, शाळेचे सिमेंटचे प्रांगण, सोसायटीतला आतला सपाट रस्ता. शंभर मीटर सलग मिळाले तरी पहिल्या दोन आठवड्यांना पुरतात. बांबोळीच्या स्टेडियमसारखा कृत्रिम ट्रॅक मिळाला तर उत्तम, पण तिथेही एक मेख आहे. ट्रॅकवर नेहमी डावीकडे वळत धावतात. वळणावर अंग डावीकडे झुकते आणि बाहेरच्या, म्हणजे उजव्या घोट्यावर पुन्हा तोच ताण येतो. तेव्हा सरळ भागावर धावा, वळणावर चाला. वळणही धावायचेच असेल तर आठव्या लेनमध्ये, तिथे वळण रुंद असते. एक फेरी ४०० ऐवजी सुमारे ४५३ मीटरची होते एवढे लक्षात ठेवा. ट्रेडमिल चालेल, फक्त हाताने दांडी धरून धावू नये.

या सगळ्याच्या आधी, हाड मोडलेले नाही ना, हा प्रश्न सुटलेला हवा. कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली मांडलेले नियम आजही जगभर वापरतात. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये किंवा टोकावर, बोटाने दाबल्यावर दुखत असेल. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाच्या मुळाशी किंवा पावलाच्या आतल्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखत असेल. किंवा इजा झाल्या झाल्या आणि तपासणीच्या वेळी लंगडत का होईना, ४ पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. हे मोठ्यांसाठी. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांना टोकाशी वाढीची कूर्चा असते, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनाच ठरवू द्या. घोट्याच्या वर, नडगीची दोन हाडे दोन्ही बाजूंनी दाबल्यावर खाली घोट्याशी कळ येत असेल तर वरचे, दोन हाडांना जोडणारे लिगामेंट दुखावलेले असू शकते. त्याला साध्या मुरगळीच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, आणि त्याला साधी मुरगळ समजून धावायला लागणे ही महागात पडणारी चूक.

पहिल्या दिवसांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बरेच लिहिले जाते. पाय उंच, क्रेप बँडेज, कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे, आणि झेपेल तेवढे टेकून चालणे. कोमट खोबरेल तेलाने रगडणे आणि पाय ‘बसवून’ घेणे पहिले दोन-तीन दिवस तरी कटाक्षाने टाळा. आतला रक्तस्राव आणि सूज दोन्ही वाढतात. महिनाभर खाटेवर पडून राहणेही चूकच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाय हवेत धरून अंगठ्याने बाराखडी लिहायला घ्या. सगळ्या दिशा त्यात आपोआप येतात, आणि ‘ज्ञ’पर्यंत पोचताना पोटरी भरून येते.

पुन्हा धावायला कधी लागायचे, याचे उत्तर लोक कॅलेंडरमध्ये शोधतात. सौम्य मुरगळीला एक ते तीन आठवडे, मध्यम असेल तर चार ते सहा किंवा आठ, पूर्ण फाटले असेल तर दोन-तीन महिने किंवा अधिक, हे ढोबळ आकडे खरे आहेत. पण ते अंदाज बांधायला, परवानगी द्यायला नव्हेत. फाटलेले तंतू भरून यायला सहाएक आठवडे लागतात आणि पक्के व्हायला वर्षही लागते. परवानगी पायाकडून घ्यावी, आणि त्यासाठी घरच्या घरी करता येणाऱ्या पाच चाचण्या आहेत. प्रत्येक चाचणी दोन्ही पायांची घ्या. धड पाय हेच तुमचे माप.

पहिली, गुडघा भिंतीला. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, आणि पाऊल थोडे थोडे मागे नेत जा. टाच न उचलता गुडघा टेकतो अशा शेवटच्या ठिकाणी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजा. धड पायाचे साधारण १० सेंटीमीटरच्या आसपास येते. दुखऱ्या पायाचे अंतर धड पायापेक्षा २ सेंटीमीटरहून अधिक कमी भरले तर धावू नका. घोटा पुढे वाकत नसेल तर पाऊल बाहेर फेकून टाकण्याची सवय लागते, आणि काही आठवड्यांनी तक्रार गुडघ्याची येते. व्यायाम हाच : हीच हालचाल, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून, १५-१५ वेळा, दिवसातून तीनदा. घोट्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखे होत असेल तर जोर करू नका, दाखवून घ्या.

दुसरी, एका पायावर टाच उचलणे. भिंतीला दोन बोटांचाच आधार, गुडघा ताठ, एका सेकंदात वर, एका सेकंदात खाली. २० ते २५ वेळा व्हायला हवे, आणि शेवटची टाच पहिलीइतकीच उंच गेली पाहिजे. लोक फसतात ते इथे. संख्या पुरी होते, पण दहाव्यानंतर उंची निम्मी झालेली असते आणि वजन करंगळीकडे सरकलेले असते. कोणाला तरी मागून बघायला सांगा किंवा फोनवर चित्रण करा. तयारी दोन्ही पायांवर ३ वेळा १५ ने सुरू करा, मग एका पायावर, मग बलकांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच पायरीच्या खालपर्यंत नेत. एक दिवसाआड हाच व्यायाम गुडघा थोडा वाकवूनही करा. पोटरीचा खोलवरचा सोलियस स्नायू त्याने तयार होतो, आणि संथ धावताना सर्वांत जास्त राबतो तो हाच.

तिसरी, तोल. दुखऱ्या पायावर डोळे उघडे ठेवून ३० सेकंद, हात कमरेवर, दुसरा पाय न टेकता. मग डोळे मिटून. मिटल्यावर धड पाय जेवढा टिकतो त्याच्या जवळपास टिकला पाहिजे. रोज सकाळी दात घासताना उभे राहिलात तरी सुरुवात होते. जमू लागले की घडी घातलेल्या गोधडीवर, मग भिंतीवर चेंडू टाकत झेलत. दिवसाला १० मिनिटे. पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी करणारा हा सर्वांत स्वस्त उपाय. कंटाळवाणा असल्याने सर्वांत आधी सुटतो तोही हाच. त्याच्या जोडीला रबरी पट्ट्याने पाऊल बाहेर ओढण्याचा व्यायाम, १५ वेळा, तीन फेऱ्या. पट्टा खुर्चीच्या पायाला बांधा, टाच जागची हलू देऊ नका, गुडघा फिरवून फसवणूक नको.

चौथी चाचणी ३० मिनिटे झपझप चालणे, न लंगडता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नाही. पाचवी उड्या. आधी दोन्ही पायांवर २० छोट्या उड्या, मग फक्त दुखऱ्या पायावर जागच्या जागी १०, मग पुढे, मग दोन्ही बाजूंना. दुखता कामा नये, आणि आवाजही ऐका. धड पाय ‘टप्’ करून उतरत असेल आणि दुखरा ‘थाड्’ करून, तर स्नायू अजून भार झेलत नाहीत. शेवटी एका पायावर एक लांब उडी मारून अंतर मोजा. दुखरा पाय धड पायाच्या ९० टक्के तरी जायला हवा. साध्या संथ धावण्याला जागच्या उड्या पुरतात. ही लांब उडी वेग आणि स्पर्धेच्या आधी हवी.

पाचही जमले की धावायला सुरुवात. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनच दिवस. आधी ५ मिनिटे चालणे. पहिल्या आठवड्यात १ मिनिट धाव, २ मिनिटे चाल, असे ८ वेळा. दुसऱ्यात २ मिनिटे धाव, २ चाल, ६ वेळा. तिसऱ्यात ४ मिनिटे धाव, १ चाल, ५ वेळा. चौथ्यात ८ आणि १, तीनदा. पाचव्यात १५ आणि १, दोनदा. सहाव्यात सलग ३० मिनिटे. पहिल्या दिवशीचे एकूण धावणे ८ मिनिटे होते आणि सवयीच्या धावपटूला ते अपमानास्पद वाटते. दम लागत नाही, घामही येत नाही, मग ‘अजून दोन फेऱ्या’. हृदय आणि फुप्फुसे महिनाभरात फारशी मागे पडत नाहीत, लिगामेंट आणि पोटरी मात्र पडतात; दमाने परवानगी दिली म्हणून घोट्याने दिली असे होत नाही. वेग इतका ठेवा की शेजारच्याशी सलग बोलता यावे. पावले लहान आणि झटपट. एका मिनिटात एका पायाची ८० ते ८५ पावले मोजा. त्याहून कमी भरत असतील तर पाऊल फार पुढे पडते आहे.

पुढच्या पायरीवर जायचे की नाही ते दोन गोष्टी ठरवतात. धावताना दुखणे दहापैकी २ किंवा ३ च्या वर जाऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या सकाळसारखाच असावा. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावले आणि एका पायावर पाच वेळा टाच उचलणे एवढे करून बघा. सूज डोळ्यांनी ठरवू नका. शिंप्याच्या टेपने घोट्याभोवती आणि पावलाखालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा घेऊन मोजा, रोज त्याच वेळी, कारण संध्याकाळी धड पायही थोडा सुजतो. सेंटीमीटरभर वाढ दिसली तर एक दिवस जादा सुटी आणि आधीच्या आठवड्याची मात्रा. दोनदा असे झाले तर दोन पायऱ्या मागे. आठवडा ‘फुकट जाणे’ म्हणतात ते यालाच. फुकट काही जात नाही, तारखा पुढे सरकतात एवढेच.

धावण्याआधी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेणे म्हणजे घड्याळाचा काटा हाताने मागे करण्यासारखे. ज्या मापावर सगळे ठरवायचे तेच मुके होते. मधुमेह असलेल्यांनी इथे आणखी सावध राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त, २६.४ टक्के, गोव्यात आढळले होते. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. अशा माणसाला दहापैकी ३ आणि ७ यांतला फरकच कळत नाही. त्यांनी दुखण्यावर विसंबू नये. टेपचे माप, कातडीची ऊब, रंग आणि रोज तळपायाची पाहणी यांवर चालावे, आणि सुरुवातीआधी पायांची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

बिघडते कुठे, तेही ठरलेले आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय छान वाटतो, रविवारी गट बाहेर पडतो आणि ४ मिनिटांच्या तुकड्यांवर असलेला माणूस गप्पांच्या नादात एकदम ८ किलोमीटर करून येतो. दोन दिवसांनी दुखते, पण जुन्या जागी नाही. बाहेरच्या घोट्याच्या मागे दुखले तर पेरोनियल स्नायूंचे कंडर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तक्रार करते आहे. टाचेच्या वर मागे दुखले तर टाचेचे कंडर. दोन्हींना मात्रा कमी करून, टाच उचलण्याचा व्यायाम चालू ठेवून बरे वाटते. सगळे बंद करून नाही. मात्र घोटा मध्येच अडकतो, आतून ‘कट्’ होते, किंवा सहा आठवड्यांनंतरही खोल ठणका जात नाही, तर सांध्याच्या कूर्चेला इजा असू शकते. तिथे व्यायामाचा हट्ट न धरता एमआरआयचा विचार डॉक्टरांकडे मांडावा. दुसरा घोळ असा की अंतर, वेग आणि चढ एकाच आठवड्यात वाढवले जातात. एका वेळी एकच वाढवा. आधी अंतर, मग आल्तिनोसारखा चढ, मग वेग. उतरताना घोट्याला आवरावे लागते, म्हणून चढ धावत चढा आणि उतार काही आठवडे चालत उतरा.

आधाराबद्दल गैरसमज बरेच. दुकानात मिळणारा ताणला जाणारा मोजा ऊब देतो, घोटा वळण्यापासून थोपवत नाही. लेस बांधायचा ब्रेस थोपवतो. पहिल्या काही महिन्यांच्या धावण्यात तो वापरावा, आणि फुटबॉल किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी सहा महिने ते वर्षभर. त्याने पाय ‘आळशी’ होतो ही भीती खरी नाही, तोलाचा व्यायाम मात्र चालू हवा. ताठ टेपही थोपवते, पण घामाने वीस-तीस मिनिटांत सैलावते, आपल्या हवेत त्याआधीच.

जाड, गादीसारख्या तळव्याचा नवा बूट या काळात घेऊ नका. पाय जमिनीपासून जितका उंच तितका तो कलायला सोपा. रुंद तळ, घट्ट टाच, आणि लेस शेवटच्या भोकातून ओवून टाच हलणार नाही अशी बांधलेली. बुटाचा तळ बाहेरच्या कडेला झिजलेला असेल तर तो बूट मुरगळीला आमंत्रण देतो. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तसाही बदलावा. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला (आपल्या दैनिकाचा हाही एक उपयोग, राग नसावा). घरात सपाट रबरी चपला घालून फिरण्यापेक्षा मागे पट्टा असलेली सॅंडल बरी. पहाटेच्या अंधारात डोक्याला दिवा लावा. भटके कुत्रे अंगावर आले की माणूस आडवा उडी मारतो, आणि आडवी उडी हीच दुखावलेल्या घोट्याला सर्वांत शेवटी जमणारी गोष्ट.

दम टिकवायचा असेल तर धावण्याच्या आधीच्या आठवड्यांत सायकल चालवा, पाऊल पायडलवर सपाट ठेवून. पोहायला हरकत नाही. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ तेवढी नको, तिच्यात पाऊल बाहेर पिळले जाते.

वाळू कायमची वर्ज्य नाही. सलग ३० मिनिटे सपाट जागी चार-सहा आठवडे निर्वेध झाली, डोळे मिटून तोल साधला, आडव्या उड्या जमल्या, की तिची पाळी. पूर्ण ओहोटीची वेळ पंचांगात किंवा भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. उघडा पडलेला सपाट, घट्ट पट्टा शोधा, बूट घालून ५ मिनिटे धावा आणि बाकीचे धावणे रस्त्यावर करा. दुखरा पाय समुद्राच्या बाजूला येणार नाही अशी दिशा धरा : उजवा दुखावला असेल तर उत्तरेला धावा आणि परत चालत या. कोरड्या वाळूत महिनाभर फक्त चाला.

शेवटी एक मागणी, ती पालिका आणि पंचायतींकडे. नवे काही बांधू नका. आहेत त्या पदपथांच्या हललेल्या लाद्या आणि झाडांच्या मुळांनी उचललेल्या चौकटी पावसानंतर बसवून घ्या, पहाटे साडेपाच ते सात दिवे चालू ठेवा, आणि प्रत्येक तालुक्यात निदान एका सपाट पदपथावर दर १०० मीटरला रंगाची रेघ मारा. धावणाऱ्यांना ती मोजायला उपयोगी पडेल, आणि गुडघे बदलून घेतलेल्या ज्येष्ठांना चालायलाही. शाळांची सिमेंटची प्रांगणे शाळा भरण्याआधी तासभर उघडी राहिली, तर पहिल्या आठ मिनिटांच्या धावण्याला कोणालाच किनाऱ्यावर जावे लागणार नाही.

आपले,
धावपटूंसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट व प्रशिक्षक, फोंडा-मडगाव